खेळणी, कार्टून आणि हिप-हॉप : बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांमध्ये रॅप, म्हणजे ठेक्यात बोलायच्या यमकबद्ध ओळी, लिहिणारी आणि संगणकावर बीट, म्हणजे त्यामागचा ठेका, रचणारी मुलेमुली आता सहज भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या लहानपणीच्या खेळण्यांतून आणि टीव्हीवरच्या कार्टूनमधून काही उभे करायचे असते. त्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि काही संगीत शिक्षकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

या संगीतात नेमके काय येते?

लहानपणीची खेळणी, कार्टूनची शीर्षकगीते, बडबडगीते, टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम यांतले आवाज, चाली किंवा पात्रे ज्या हिप-हॉप रचनेचा मुख्य आधार असतात, ती रचना या प्रकारात धरावी. खुळखुळ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो ठेक्यात बसवला, तर आधार आवाजाचा असतो. टाळ्यांच्या खेळाची लय घेतली, तर तो बांधणीचा असतो. कार्टूनमधल्या पात्राचा मुखवटा किंवा बोलण्याची ढब घेऊन रॅपर उभा राहिला, तर तो सादरीकरणाचा असतो. एखाद्या ओळीत कार्टूनचे नाव आले, एवढ्यावरून मात्र रचना या प्रकारची ठरत नाही.

हिप-हॉप हे रस्त्यावरच्या, रागावलेल्या तरुणांचे संगीत आहे. त्याचा लहान मुलांच्या खेळण्यांशी काय संबंध?

संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत जी मेजवानी झाली, ती हिप-हॉपचा जन्मदिवस मानली जाते. ती सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून भरवली होती आणि तिच्या भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने, तबकड्या लावल्या होत्या. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवरून लांबवत नेण्याची त्याची युक्ती पुढे साऱ्या हिप-हॉपचा पाया ठरली. राग आणि निषेध या संगीतात आले आणि ते आवश्यकही होते, परंतु त्याची सुरुवात शाळकरी वयाच्या मुलांच्या करमणुकीतून झाली, हे विसरता येत नाही.

याहून खोल नाते टाळ्यांच्या खेळांशी आहे. कायरा गाँट या अभ्यासिकेने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात असे दाखवून दिले की, आफ्रिकी-अमेरिकी मुली अंगणात टाळ्या देत, दोरीवर उड्या मारत जी गाणी म्हणत, त्यांतली लय आणि शब्दांची फेक लोकप्रिय कृष्णवर्णीय संगीतात थेट उतरली आहे. नेली या रॅपरचे २००० सालचे पहिले गाजलेले गाणे अशाच एका टाळ्यांच्या गाण्यावर बेतलेले होते. आपल्याकडची ‘आपडी थापडी’ आठवून पाहावी. तिच्यात प्रत्येक ठोक्यावर हात पडतो, यमक ठोक्यावर येते आणि अर्थ मागे राहून नाद पुढे होतो. मराठी मुलाला ठेक्यात बोलण्याचा पहिला धडा तेथेच मिळालेला असतो.

कार्टूनचा वापर आजवर कोणी आणि कसा केला आहे?

उदाहरणे भरपूर आहेत. सर्व सांगण्यापेक्षा ज्यांतून शिकायला मिळते, तेवढी सांगतो. १९८५ साली डग ई. फ्रेश आणि स्लिक रिक यांनी ‘द शो’ या गाण्यात ‘इन्स्पेक्टर गॅजेट’ या कार्टूनच्या शीर्षकसंगीताची चाल वाजवली. ऐकणाऱ्याला ती चाल आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे अनोळखी रॅपरची ओळख व्हायला वेळ लागला नाही.

चार वर्षांनी, १९८९ मध्ये, डी ला सोल या त्रयीने आपल्या पहिल्या अल्बममध्ये ‘स्कूलहाउस रॉक’ या शैक्षणिक कार्टून मालिकेतले गाणे घेतले. ही मालिका १९७३ पासून अमेरिकी वाहिनीवर शनिवारी सकाळी लागे आणि बॉब डोरो यांचे हे मूळ गाणे मुलांना तीनचा पाढा शिकवण्यासाठी रचलेले होते. डी ला सोलचे सभासद तिघे होते. पाढ्यातला तीनचा आकडा त्यांनी स्वतःच्या मैत्रीवर आणला आणि मुलांच्या गाण्याला तरुणांचा आशय मिळाला. माझ्या मते या प्रकारातले हे सर्वांत नेटके उदाहरण आहे, कारण येथे आठवण सजावटीपुरती राहिलेली नाही, तिच्यावर सारे गाणे उभे आहे.

एमएफ डूम याने चित्रकथेतल्या खलनायकाचा धातूचा मुखवटा घातला, १९९९ च्या अल्बममध्ये जुन्या कार्टूनमधले संवाद गाण्यांच्या अधेमधे पेरले आणि २००५ साली डेंजर माउस या निर्मात्याबरोबर कार्टून वाहिनीच्या पात्रांनाच सोबत घेऊन अख्खा अल्बम काढला. घोस्टफेस किला याने २००० साली आयर्न मॅनच्या जुन्या कार्टूनचे संगीत वापरले. रॅपरने स्वतःला कार्टूनमधले पात्र बनवले की त्याला स्वतःविषयी बोलण्याची एक वेगळी मोकळीक मिळते, आणि डूमने ती इतरांहून अधिक वापरली.

याच संदर्भात रेमंड स्कॉट या अमेरिकी संगीतकाराचे नाव अवश्य घ्यावे. त्यांच्या १९३० च्या दशकातल्या रचनांचे हक्क वॉर्नर ब्रदर्सने १९४३ साली घेतले आणि त्यांच्या कार्टूनना संगीत देणारे कार्ल स्टॉलिंग यांनी त्या चाली ससा, बदक आणि कारखान्यातल्या यंत्रांच्या प्रसंगांना इतक्या वेळा लावल्या की, स्कॉट यांनी एकाही कार्टूनसाठी संगीत दिलेले नसताना जगभरच्या मुलांच्या कानात त्यांचे संगीत बसले. पुढे त्यांनी तान्ह्या बाळांसाठी इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर शांत धून असलेल्या तबकड्या काढल्या. २००६ साली जे डिला या हिप-हॉप निर्मात्याने आपल्या अल्बममध्ये स्कॉट यांचीच एक इलेक्ट्रॉनिक जाहिरात-धून घेऊन बीट रचली. कार्टून, पाळणा आणि हिप-हॉप हे एकाच संगीतकाराच्या कामात असे भेटतात. नव्याने बीट रचणाऱ्याने स्कॉट यांचे काम सावकाश ऐकावे, असे मी आग्रहाने सांगतो.

खेळणे हेच वाद्य म्हणून वापरता येते का?

येते, आणि फार पूर्वीपासून येते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९७८ साली ‘स्पीक अँड स्पेल’ हे मुलांना स्पेलिंग शिकवणारे, यंत्राच्या आवाजात बोलणारे खेळणे काढले. त्यात आवाजाची टेप नव्हती. माणसाच्या बोलण्यातून काढलेल्या आकड्यांवरून आवाज एका चिपवर गणिताने घडवला जाई, म्हणून त्याला ती कोरडी, किंचित घुसमटलेली ढब आली. क्राफ्टवेर्क या जर्मन गटाने १९८१ मध्ये त्याचा वापर केला आणि याच गटाच्या संगीतावर पुढच्या वर्षी आफ्रिका बंबाटा या अमेरिकी डीजेने हिप-हॉपमधली एक मैलाचा दगड ठरलेली रचना उभी केली. अशी खेळणी उघडून त्यांच्या तारा मुद्दाम भलतीकडे जोडून विचित्र आवाज काढणारा एक पंथच नंतर तयार झाला. हा प्रयोग करायचा असेल, तर तो बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यावरच करावा. भिंतीतल्या विजेवर चालणारे कोणतेही यंत्र उघडू नये.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर कॅसिओने मुलांसाठी काढलेल्या एसके-१ या छोट्या की-बोर्डमध्ये सुमारे दीड सेकंदाचा आवाज मुद्रित करून तो पट्ट्यांवर वाजवता येई. व्यावसायिकांसाठी असलेल्या १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्रातही एकूण दहा सेकंदच मावत. जागा वाचवण्यासाठी निर्माते तबकडी जलद फिरवून मुद्रित करीत आणि यंत्रात तिचा वेग पुन्हा उतरवत. त्यामुळे आवाजात जी खरखर येई, तीच त्या काळच्या हिप-हॉपची ओळख झाली. थोडक्यात, खेळणे आणि यंत्र यांच्यातले अंतर तेव्हा फार नव्हते.

नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक एका जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्या मूळ यंत्राच्या ध्वनिचिपमध्ये पाच वाहिन्या होत्या. दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक मुद्रित आवाजाची. त्रिकोणी लहर खर्जाला आणि खरखर झांजेला वापरली, तर आजही संपूर्ण बीट त्या आवाजांत रचता येते.

भारतीय कार्टूनमध्ये या कामाजोगे काय आहे?

पहिले नाव ‘एक अनेक और एकता’ या १९७४ च्या लघुपटाचे. फिल्म्स डिव्हिजनचा हा सुमारे सात मिनिटांचा पट दूरदर्शनवर वर्षानुवर्षे लागत राहिला. तो विजया मुळे यांनी केला, चित्रे भीमसेन यांनी हलती केली, संगीत वसंत देसाई यांचे होते आणि लहानग्या साधना सरगम यांचा आवाज त्यात होता. म्हणजे ज्या हिंदी पटाने सबंध देशाच्या एका पिढीचे बालपण घडवले, त्यामागे बरीच मराठी मंडळी होती. रॅपरच्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्नोत्तराची बांधणी. लहान मुलगा प्रश्न विचारतो, ताई उत्तर देते आणि दोघांच्या बोलण्यातूनच गाणे कधी सुरू झाले, ते कळत नाही. बोलणे आणि गाणे यांच्यामधली ही सीमा ओलांडणे म्हणजेच रॅप. पट शोधून पाहावा आणि डोळे मिटून केवळ ऐकावा. पाखरे जाळ्यासकट उडतात, तेथे वाद्ये कशी दाटत जातात, याकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर आलेल्या मोगलीच्या जपानी मालिकेचे हिंदी शीर्षकगीत, जे गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीतबद्ध केले. १९९५ पासून कार्टून नेटवर्क आले आणि मुलांची आवड घरागणिक वेगळी झाली, कारण केबल सगळ्यांकडे नव्हती. यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्यांना, ऐंशीच्या दशकातल्यांना आणि त्यानंतरच्यांना एकच गाणे सारख्याच उत्कटतेने भिडेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

बडोद्यात राहून कोणते आवाज हाती लागतात?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. दुसऱ्या देशातल्या कार्टूनचा आवाज इंटरनेटवरून कोणीही उतरवून घेईल, आपल्या शहराचा आणि घराचा आवाज मात्र आपल्यालाच मुद्रित करावा लागतो. आणि तो कोणाच्या मालकीचाही नसतो.

मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची होडी घ्या. तिच्या पोटात जळती वात ठेवतात. वरच्या चपट्या डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती मागच्या नळ्यांतले पाणी बाहेर लोटते, मग वाफ निवते आणि पाणी पुन्हा आत ओढले जाते. या आतबाहेरीने डबीचा पातळ पत्रा फुगतो आणि दबतो, आणि फटफट असा आवाज सुरू होतो. परातीत पाणी घालून ती सोडली, की परातीची कड त्या आवाजाला घुमारा देते. लाकडी टेबलावर परात ठेवली, तर खालचा खर्ज वाढतो. ज्योत लहानमोठी झाली, की ठोक्याची चालही बदलते, म्हणून दोनचार मिनिटे सलग मुद्रित करून त्यांतले सर्वांत सरळ चार ठोके निवडावेत. एवढ्या एका खेळण्यातून ठेक्याचा कणा मिळतो.

संखेड्याची लाखकाम केलेली खेळणी आणि पाळणे बडोद्याच्या कित्येक मराठी घरांत आहेत. संखेडा आता छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले, तरी बडोदेकरांसाठी ते शेजारचेच गाव आहे. तेथले खरादी कारागीर सागाचे लाकूड चरकावर फिरवून त्यावर लाखेचे थर चढवतात. अशा दोन दांड्या एकमेकींवर आपटल्या, तर टणक, कोरडा, क्षणात संपणारा आवाज येतो आणि तो रिमशॉटच्या, म्हणजे ड्रमच्या कडेवर मारलेल्या ठोक्याच्या, जागी फार शोभतो. जुन्या पाळण्याच्या कड्यांची करकरही सोडू नये.

उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, गच्च्यांवर पिपाण्यांचा गदारोळ, फिरकीची घरघर आणि पतंग काटल्यावरचा गुजराती जल्लोष एकाच वेळी कानावर येतो. दुपारी चारनंतर गच्चीच्या कोपऱ्यातून मुद्रण केले, तर पार्श्वभूमीचा एक संपूर्ण थर तयार होतो. कमाटीबागेतली मुलांची आगगाडी चालू असेल, तर तिचेही असेच. बडोद्याच्या बालपणाचा तो आवाज आहे, आणि लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी छोटी रेल्वे होती, या गोष्टीमुळे त्याला या शहराचा स्वतःचा इतिहासही आहे.

मुद्रणासाठी महागडा माइक लागतो का?

लागत नाही. साधा मोबाइल पुरतो, परंतु मुद्रणाच्या अॅपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करावी. ही सोय माणसाचे बोलणे ठेवून सलग चालणारा आवाज पुसून टाकते, म्हणजे फिरकीची घरघर नेमकी तीच खाते. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. खेळणे माइकपासून वीतभर अंतरावर धरावे, पंखा बंद करावा, खोलीत गाद्या-चादरी असाव्यात. स्वयंपाकघरात फरशीमुळे आवाज घुमतो. तो हवा असेल, तरच तेथे जावे.

संगणकावर ऑडॅसिटी आणि मोबाइलवर बँडलॅब ही मोफत साधने सुरुवातीला पुरेशी आहेत. खेळण्यांच्या आवाजात खर्ज जवळजवळ नसतो. आवाजाचा वेग निम्मा केला, तर तो एक सप्तक खाली येतो आणि लांबीला दुप्पट होतो. पिपाणी अशी दोन सप्तके उतरवली, की ती ओळखू येत नाही आणि गंभीर वाटू लागते. त्याखाली ५० हर्ट्झच्या आसपासची साधी लहर ठेवली, तर ठेक्याला वजन येते.

मराठी ओळी ठेक्यात बसत नाहीत. असे का होते?

बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदी रॅपच्या फेकीवर मराठी शब्द चढवलेले असतात, म्हणून. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर असतो आणि रॅप त्या जोरावर चालतो. मराठीत असा ठाशीव जोर नसतो, तेथे ऱ्हस्वदीर्घाचे माप महत्त्वाचे असते. आपली जातिवृत्ते याच मापावर उभी आहेत आणि हिप-हॉपसाठी ती अतिशय सोयीची आहेत.

पादाकुलकाचे उदाहरण पाहू. त्याच्या ओळीत आठ आणि आठ मिळून सोळा मात्रा असतात. बीट रचण्याच्या यंत्रावर एका आवर्तनाच्या चार ठोक्यांच्या सोळा पायऱ्या असतात. लघु अक्षराला एक पायरी आणि गुरू अक्षराला दोन, असे मांडले की ओळ आपोआप बसते. वरच्या होडीवर दोन ओळी करून पाहू:

पत्र्याची ती इवली होडी
फटफट करते, पाणी फोडी

पहिल्या ओळीत ‘पत्र्याची ती’ या आठ मात्रा आणि ‘इवली होडी’ या आठ. टाळीचे ठोके पाचव्या आणि तेराव्या पायरीवर पडतात. तेराव्या पायरीवर पहिल्या ओळीत ‘हो’ आणि दुसरीत ‘फो’ येतो, म्हणजे यमक नेमके टाळीवर सुरू होते. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या गतीत सेकंदाला सहा मात्रा होतात आणि हा आपल्या बोलण्याचा सहज वेग आहे. श्वास घ्यायला मात्र जागा ठेवावी. दर चौथी ओळ बारा मात्रांची करून शेवटचा ठोका रिकामा सोडावा.

एक बारकावा लक्षात असू द्यावा. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अ उच्चारत नाही. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे आणि बोलताना एक. जुन्या वृत्तात त्या अक्षराची मात्रा धरतात, रॅपमध्ये कानाला जे ऐकू येते ते धरावे आणि आधीचा स्वर किंचित ताणावा. ‘फटफट’ असे दोन लांब अक्षरांत म्हटले, तरी चार मात्रा पूर्ण होतातच.

गरब्याच्या हींच ठेक्यावर रॅप होईल का?

होईल. हींच सहा मात्रांचा असल्यामुळे यंत्रावर सोळाऐवजी बारा पायऱ्यांचे आवर्तन घ्यावे, म्हणजे चार ठोक्यांत प्रत्येकी तीन पायऱ्या येतात. नवरात्रात कानावर पडलेली लय बडोद्याच्या मुलांच्या अंगात असतेच, त्यामुळे हे त्यांना लवकर साधते.

रॅपमध्ये गुजराती आणि हिंदी शब्द आले तर चालतील का?

घरात जशी भाषा बोलली जाते, तशी गाण्यात यावी. बडोद्याच्या मराठीत पिढ्यान्‌पिढ्या गुजराती शब्द मिसळलेले आहेत. खेळांचे तर बरेचसे शब्द गुजरातीच आहेत, कारण गल्लीत खेळताना सोबती गुजराती असत. पतंग काटल्यावर ओरडायचे ते मराठी मुलगाही गुजरातीतच ओरडतो, मग गाण्यात त्याचे भाषांतर करण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईच्या रॅपरांची बोली मात्र उसनी घेऊ नये. ती त्यांच्या तोंडी खरी वाटते, आपल्या तोंडी नक्कल होते.

कार्टूनची चाल किंवा संवाद वापरण्यास कायद्याची अडचण येते का?

येते, आणि याविषयी मुलांमध्ये फार गैरसमज आहेत. पाचसात सेकंदांचा तुकडा चालतो, ही समजूत चुकीची आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. खासगी अभ्यास, समीक्षा, परीक्षण अशा काही हेतूंसाठी योग्य वापराची मुभा आहे, परंतु स्वतःचे गाणे प्रसिद्ध करणे तिच्यात बसत नाही.

एका कार्टून-गीतावर अनेक हक्क असतात. शब्दांवर आणि चालीवर रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. ध्वनिमुद्रणावर आणि चित्रपटावर तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. त्या हिशेबाने १९७४ च्या पटावरचा हक्क २०३४ अखेरपर्यंत चालतो, आणि त्यातल्या शब्दांचा, चालीचा विचार वेगळा करावा लागतो. पात्रांची नावे आणि चित्रे बऱ्याचदा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेली असतात, म्हणून गाण्याच्या मुखपृष्ठावर ओळखीच्या पात्राचे चित्र टाकू नये.

अमेरिकेत डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात न्यायालयाने जो निकाल दिला, त्यानंतर परवानगीशिवाय सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा, घेणे तेथे धोक्याचे झाले. डी ला सोलच्या ज्या अल्बमची वर स्तुती केली, तो सॅम्पलांच्या परवानग्यांच्या गुंत्यात इतका अडकला की, स्ट्रीमिंगवर येण्यास मार्च २०२३ उजाडावा लागला. एका संपूर्ण पिढीला तो सहजपणे ऐकता आला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पारंपरिक बडबडगीतांचे शब्द आणि चाली मोकळ्या आहेत. त्यांचे कोणी केलेले मुद्रण मात्र मोकळे नसते. म्हणून ‘आपडी थापडी’ कॅसेटवरून उचलू नये, आजीला म्हणायला सांगून स्वतः मुद्रित करावी. गाणे अधिक चांगले होते आणि परवानगीचा प्रश्न घरातच सुटतो.

कार्टूनची नावे एकामागून एक घेतली की ऐकणाऱ्यांना आवडते. मग अडचण कोणती?

पहिल्यांदा ऐकताना आवडते, हे खरे आहे. प्रत्येक नावाला श्रोता ओळखीने हसतो. दुसऱ्या वेळी त्याला त्या ओळींत काहीच सापडत नाही, कारण त्या यादीत लिहिणाऱ्याचे स्वतःचे असे काही नसते. स्मरणरंजनाला तपशील लागतो. रविवारी सकाळी कार्टून लागायच्या वेळी वीज गेली की शेजारच्या कोणत्या घरी धावत जायचे, अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढायचे, चावीची मोटार बिघडल्यावर तिची स्प्रिंग कोणी लपवून ठेवली, हे लिहिले की त्याच कार्टूनचे गाणे एकट्या लिहिणाऱ्याचे होते आणि तरीही सर्वांना आपले वाटते. मी प्रत्येकाला एकच खेळणे किंवा एकच भाग निवडायला आणि सोळा ओळी त्याच्याबाहेर न जाण्यास सांगतो.

बालपण केवळ गोड दाखवण्याचाही मोह टाळावा. ज्या मुलीला भावाची बॅट कधी मिळाली नाही, ज्या घरी टीव्ही नव्हता, त्यांच्या आठवणीही या संगीतात याव्यात. हिप-हॉपची ताकद तेथेच दिसते.

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलाने हे केले तर त्याचा गळा किंवा तालीम बिघडेल का?

आरडाओरडा केला नाही, तर गळा बिघडत नाही. तालमीबद्दल म्हणायचे, तर बडोद्याची परंपरा प्रयोगाला नेहमी अनुकूल राहिली आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली येथे संगीतशाळा काढली आणि मौलाबक्ष या गायकाकडे ती सोपवली. राग-ताल कागदावर लिहिण्याची लिपी मौलाबक्ष यांनी तयार केली आणि सामान्य घरच्या मुलांना ती शिकवली. हीच संस्था पुढे सयाजीराव विद्यापीठात सामावली. चौकोनांत मात्रा मांडण्याचा तबल्याच्या विद्यार्थ्याचा सराव बीट रचताना जसाच्या तसा उपयोगी पडतो. तीनतालाच्या सोळा मात्रा ज्याला हातावर मोजता येतात, त्याला यंत्रावरच्या सोळा पायऱ्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. शिक्षकांना आधी सांगावे, त्यांच्यापासून लपवून मात्र हे करू नये.

लहान मुलांना ऐकवता येईल असे हे संगीत असते का?

सर्व नाही. वर उल्लेख केलेल्या अनेक अमेरिकी गाण्यांत प्रौढ भाषा आहे, म्हणून पालकांनी आधी स्वतः ऐकावे. आपल्या रचनेत शिवी हवी की नको, हे विषयावरून ठरवावे. सवयीने आलेली शिवी खोडावी.

गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर हे सादर करता येईल का?

अवश्य करावे. दांडिया बाजारातल्या उत्सवाला सर्व वयांचे मराठी श्रोते येतात आणि या संगीताला तसेच श्रोते हवेत. दोन गाण्यांच्या पुढे जाऊ नये. शब्द कळावेत म्हणून ठेका आवाजापेक्षा किंचित दबका ठेवावा. पहिले आवर्तन खेळणे प्रत्यक्ष माइकपुढे वाजवून सुरू करावे, म्हणजे पुढे ट्रॅकमध्ये जे वाजते ते कोठून आले, हे आजी-आजोबांनाही समजते. पाण्याची परात आणि पेटती वात मंचावर न्यायची असेल, तर मंडपाच्या कापडापासून दूर ठेवावी आणि कार्यकर्त्यांना पूर्वकल्पना द्यावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला सर्वसाधारणपणे बंदी असते, उत्सवात काही दिवस सूट मिळते. मंडळाकडे त्या दिवसाची परवानगी आहे का, ते विचारून घ्यावे. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याला आदल्या दिवशी ट्रॅक ऐकवावा, कारण खेळण्यांचे आवाज टोकदार असतात आणि मोठ्या भोंग्यांवर ते कानाला बोचतात. तीन ते पाच किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली घेण्यास त्याला सांगावे.